तीव्र नाराजी

किस्से गोळा करावे लागत नाहीत. मारुतीच्या हॉटेलातल्या बाकावर रोज सकाळी नुसतं बसलं, की ते अंगाला चिकटतात. मी कायद्याचा निवृत्त प्राध्यापक, म्हणजे खात्री कशाचीच नाही. कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या.

*

हॉटेल लातुरात, औसा रोडला. मारुती पूर्वी फौजेत होता. साहेबाच्या हुकमावरून त्यानं एका कैद्याला दोन दिवस पाणी दिलं नाही. प्रकरण उघडकीला आलं. मारुतीला वर्षभर कैद, वर बडतर्फी. हुकूम देणाऱ्या साहेबाला ‘तीव्र नाराजी’!

“म्हंजे काय वो सर?” शेजारचे कापडवाले अप्पा.

“वरिष्ठ लेखी कळवतात, की आम्ही नाराज आहोत.”

“बस्स? मग मीबी तीस वर्षं साहेबच हाय की! घरी बायकोची रोज तीव्र नाराजी!”

*

तेव्हापासून चहा पातळ झाला की अप्पा ओरडतात, “मारुती, तीव्र नाराजी!”

आतून आवाज येतो, “लेखी का तोंडी?”

*

एकदा अप्पांनी मला सरळ विचारलं, “जास्त दोषी कोण? हुकूम देणारा का पाळणारा?”

“यावर दोन मतं आहेत.”

“तुमचं कोणतं?”

“दोन्ही.”

“पोरांना हेच शिकवलं जन्मभर?”

मी चहा संपवला.

*

पंधरा ऑगस्टला मारुतीच्या गावात माजी सैनिकांना पुढच्या खुर्च्या असतात. मारुती मागं उभा राहतो. अप्पांना ते बघवेना. “सर, अर्ज लिव्हा. कागदावरचं ‘बडतर्फ’ गेलं पायजे!”

मी मसुदे करत बसलो. तिसरा वाचून अप्पा म्हणाले, “ह्यो मारुतीच्या बाजूनं हाय का साहेबाच्या?”

*

शेवटचा मसुदा मी मारुतीला वाचून दाखवला. “‘वरिष्ठांच्या हुकमावरून अर्जदाराकडून किरकोळ गैरवर्तन घडले...’”

मारुतीनं फडकं खांद्यावर टाकलं. “किरकोळ?”

“अर्जाची भाषा असते रे.”

“हुकूम होता, खरं हाय. साहेब सुटला, तेबी खरं. पण सर, दोन दिस न्हाई, आज सांजपर्यंत पाणी पिऊ नका. मग लिव्हा किरकोळ.”

बसलो! एप्रिल महिना. साडेआठला सुरुवात. चहासुद्धा बंद. अप्पा घड्याळ काढून समोर.

सव्वाअकराला मी तांब्या उचलला.

अप्पासुद्धा हसले नाहीत. मी पेन काढून तो शब्द खोडला. मारुतीनं खोडलेली जागा नीट बघितली, खाली सही केली, आणि तांब्या पुन्हा भरून माझ्यासमोर ठेवला.