पळवाटकर

कुठलाही छापील कागद हातात पडला की पळवाटकर तो शेवटून वाचायला लागत. लग्नपत्रिकेत वधूवरांची नावं त्यांना सगळ्यांत उशिरा कळायची. आधी बोट तळाच्या 'सहकुटुंब, सहपरिवार' वर जायचं आणि मग समाधानाने उद्गार निघायचा, "परिवारात किती माणसं, ते लिहिलेलं नाही." एका लग्नाला ते घरी राहायला आलेल्या चुलतभावाचं अख्खं बिऱ्हाड घेऊन गेले होते. त्यांचं खरं आडनाव वेगळं. पळवाटकर हे आम्ही ठेवलेलं, आणि पदवी मिळाल्यासारखं ते त्यांनी मिरवलं.

आम्ही म्हणजे नाशिक आणि आजूबाजूची चौदा-पंधरा माणसं. दर रविवारी सकाळी आपापल्या घरी कॉम्प्युटरपुढे बसून इंटरनेटवर एकमेकांशी मोटारींच्या शर्यती लावणारी. कुणी डायनिंग टेबलाला स्टिअरिंग आवळलेलं, कुणी मुलाच्या अभ्यासाच्या टेबलाला. शर्यत संपली की गावातले सगळे गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीतल्या मिसळीच्या दुकानात जमायचे आणि कोण कुणाला धडकलं याचा निवाडा तिथे व्हायचा. मी पॉलिटेक्निकात शिकवतो आणि गाडी सगळ्यांत हळू चालवतो, म्हणून मला पंच केलेलं. आमचे नियम एका पानात मावत होते. पळवाटकर आले आणि वर्षभरात त्या पानांना पिन मारायची वेळ आली.

दुकानात पाटी होती, 'रस्सा हवा तितका'. पळवाटकर एक मिसळ सांगत आणि घरून आणलेले पाव पिशवीतून काढून रश्शाच्या वाट्यांमागून वाट्या रिचवत. मालक बाळासाहेब आधी हसले, मग वैतागले, मग त्यांनी पाटीखाली रंगवून घेतलं, 'बाहेरचा पाव चालणार नाही'. पुढच्या रविवारी पळवाटकरांनी पिशवीतून बाजरीची भाकरी काढली. बाळासाहेबांनी गल्ल्यावरूनच हात जोडले. "साहेब, भाकरी खा, भात खा, पण मला परत रंगारी बोलवायला लावू नका." आम्ही पोट धरधरून हसलो. खरं तर त्याच दिवशी आमची ट्यूब पेटायला हवी होती. हा माणूस पाटी वाचत होता, पाटी लावणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नव्हता.

गाडी मात्र झकास चालवायचे. खेळताना इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि चेहऱ्यावर सत्यनारायणाला बसलेल्या यजमानाचा भाव. आमचा एक नियम होता, प्रत्येकाने दर शर्यतीला एकदा पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गल्लीत, जाऊन टायर बदलायचे. केव्हा, ते लिहिलेलं नव्हतं. एका ट्रॅकवर शर्यत संपण्याची रेषा त्या गल्लीतूनही जाते, हे एवढ्या माणसांत फक्त यांनी हेरलं. आम्ही सगळे मधल्या फेऱ्यांत टायर बदलून आलो, हे पळतच राहिले. शेवटच्या वळणावर गल्लीत शिरले, तिथेच रेषा ओलांडून पहिले आले, आणि मग निवांत थांबून टायर बदलले. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, डोकं होतं गृहस्थांना. गेम बनवणाऱ्याने ठेवलेली फट सापडली, हे तिच्यातून निघून गेले, कुणाचं काय गेलं? आम्ही नियमांत एक ओळ वाढवली आणि विषय संपला.

विषय आमच्यापुरता संपला, त्यांना चटक लागली. आमच्यात जुनी रीत होती, आपल्या धक्क्याने कुणी ट्रॅकबाहेर गेला तर आपण हळू व्हायचं आणि त्याला त्याची जागा परत द्यायची. पळवाटकरांनी मिसळीवर लिंबू पिळता पिळता विचारलं, "बाहेर म्हणजे नेमकं किती चाकं?" आम्ही बापडे विचारात पडलो. वाद घालून घालून लिहिलं, चारही चाकं. त्यानंतर ते पुढच्याला मोजून तीन चाकं बाहेर जातील इतकंच ढकलायला लागले. तक्रार केली की भुवया वर. "असं कुठे लिहिलंय?" हे त्यांचं पालुपद. शब्दांचा कीस पाडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण त्या किसाची कोशिंबीर करून आम्हालाच वाढणारा हा एकच.

आणि गंमत अशी, की चीटिंग करणाऱ्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा. आमच्यातला विलास निफाडचा, घरची द्राक्षबाग. एका फेब्रुवारीत सरळ रस्त्यावर त्याची गाडी सगळ्यांना मागे टाकायला लागली. आम्ही म्हटलं, पोराचा हात बसला. पळवाटकरांनी मात्र शर्यतींचं रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा पाहून सिद्ध केलं, की त्याने गेमच्या फाइलीत फेरफार करून इंजिनाची ताकद वाढवली आहे. त्या दिवशी त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "चोर आहे हा! याच्या शेजारी मी बसणार नाही." विलासला आम्ही त्या मोसमापुरतं काढून टाकलं. पुढच्या रविवारी तो द्राक्षांची पेटी घेऊन दुकानाच्या दारात उभा. आत यायचं धाडस होईना. "चुकलं सर. लय लाज वाटून राहिली. खेळू नका म्हना, पण बोलनं बंद करू नका." वर्षभराने तो परत आला आणि तेव्हापासून मागच्या नंबरांत सुखाने गाडी चालवतो. पळवाटकरांनी त्या पेटीतलं एक द्राक्षही तोंडात टाकलं नाही. असं त्यांचं सोवळं.

आता इगतपुरीचं सांगायला हवं. वैशाली इगतपुरीची, तिथल्या शाळेत शिक्षिका, वडील रेल्वेत. आमच्या सगळ्यांत खरी हाताची सफाई तिची. पण तिकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. आषाढ लागला की तिचं नेट कधी जाईल याचा नेम नसे. नेट गेलं की तिची गाडी ट्रॅकवर आहे तिथे उभी राही आणि ती परत जोडली गेली की तिथूनच सुटे. पहिल्या वर्षी असं झालं तेव्हा कुणीतरी हेडफोनमध्ये ओरडलं, "अरे थांबा, इगतपुरीला मेलसुद्धा थांबते, आपण कोण लागून गेलो?" तेव्हापासून रीतच पडली. कुणीही "इगतपुरी!" अशी हाक दिली की सगळे आहेत त्या क्रमाने गाड्या कडेला घ्यायचे. मग भाज्यांचे भाव, मुलांच्या परीक्षा, काय वाटेल ते बोलत राहायचं. ती परत आली की शर्यत पुढे सुरू. हे कुणी ठरवलं नाही, लिहिण्याचं तर डोक्यातही आलं नाही.

त्या वर्षी पुण्याला शहराशहरांच्या संघांची स्पर्धा होती. आमच्या संघात चार जागा, तीन नक्की झालेल्या. चौथी वैशालीची की पळवाटकरांची, हे आमच्या शेवटच्या शर्यतीवर ठरायचं होतं. वैशालीसाठी तो नुसता नंबर नव्हता. तिच्या वडिलांनी, अण्णांनी, वर्षानुवर्षं तिच्या या खेळाला 'पोरखेळ' म्हटलेलं. "लग्नाच्या वयाची मुलगी खोट्या गाड्या चालवते," हे त्यांचं नेहमीचं. पण निवड होणार म्हटल्यावर त्यांनी गुपचूप पुण्याला जायची रजा टाकली होती, आणि त्या रविवारी पहिल्यांदाच खुर्ची ओढून तिच्या पाठीमागे शर्यत बघायला बसले होते. तिने आम्हाला हे आधीच सांगितलं होतं.

वैशाली पहिली, तिच्यामागे पळवाटकर. अर्धी शर्यत झाली आणि तिची गाडी एका वळणावर गपकन उभी राहिली. विलासने हाक दिली, "इगतपुरी!" सगळ्यांनी वेग कमी केला, एकामागे एक गाड्या कडेला लागल्या. आणि पळवाटकरांची लाल गाडी वैशालीच्या उभ्या गाडीला, अगदी नियमाप्रमाणे धक्का न लावता, वळसा घालून पुढे गेली. आम्ही ओरडलो. मी पंच म्हणून ओरडलो. गाडी पळतच राहिली. मिनिटभरात सर ओसरून वैशाली परत जोडली गेली तेव्हा तिचा माईक चालूच होता, त्यामुळे अण्णांचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"हे सगळे कशाला उभे राहिलेत गं?"

"माझ्यासाठी थांबलेत, अण्णा."

"मग तो लाल गाडीवाला?"

वैशालीने जीव खाऊन गाडी चालवली, पण गेलेलं अंतर भरून निघण्यासारखं नव्हतं. पळवाटकर पहिले आले, ती दुसरी.

पुढच्या रविवारी ती सकाळच्या गाडीने अण्णांना घेऊन मिसळीच्या दुकानात आली. पळवाटकरही आले. मला वाटलं होतं, तोंड चुकवतील. छे! तोच इस्त्रीचा शर्ट, तीच पिशवी. बसल्या बसल्या त्यांनीच सुरुवात केली. "सर, एकच सांगा. मी चीटिंग केलं का? फाइलीत बदल केला? हिला धडकलो? हिचं नेट मी तोडलं?"

"नाही," मी म्हणालो.

"मग तक्रार कशाची? थांबा असं कुठे लिहिलंय?"

विलास एरवी मान वर करून बोलत नाही. त्या दिवशी बोलला. "साहेब, मी चोर व्हतो, मान्य हाय. पन चोरी करताना माझे हात कापत व्हते. तुमचा तर घासबी अडत नाय."

पळवाटकर हसले. शिकलेला माणूस अडाण्याकडे बघून हसतो तसं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण निकाल मला द्यायचा होता आणि नियम त्यांच्या बाजूने होते. नियमाबाहेर जाऊन जागा काढून घेतली असती तर उद्या कुठलाही पंच स्वतःच्या रागावर निकाल देऊ लागला असता. मी जागा त्यांना दिली. इतका कडू घास मी त्या दुकानात दुसरा खाल्लेला नाही. अण्णा मुलीला एवढंच म्हणाले, "रजा मागे घेतो मग."

पुन्हा असं व्हायला नको म्हणून मी तिथेच पेन काढलं आणि मोठ्याने बोलत लिहायला घेतलं, 'एखाद्या खेळाडूचं नेट गेल्यास बाकीच्यांनी...'

"सर, लिहू नका ना," वैशाली म्हणाली.

"अगं, तुझ्यासाठीच लिहितोय."

"म्हणूनच सांगते. लिहिलं की हे दादापण थांबतील. मग सगळेच थांबलेले दिसतील. त्या दिवशी मी परत आले ना, तेव्हा एवढ्या गाड्या माझ्यासाठी उभ्या दिसल्या. अण्णांनी पाहिल्या त्या. लिहिल्यावर त्या माझ्यासाठी उभ्यात की नियमासाठी, मला कसं कळणार?"

मी पेनाला टोपण लावलं. अण्णांनी मुलीच्या ताटलीत आपला पापड ठेवला. तेवढ्यात पळवाटकरांनी बाळासाहेबांना हाक मारून आणखी रस्सा मागवला.

पुण्याला ते गेले, बऱ्यापैकी नंबर मिळवून आले. आम्ही त्यांना काढलं नाही, कारणच नव्हतं. फक्त त्यांच्या गाडीच्या मागेपुढे गप्पा बंद झाल्या. "इगतपुरी!" ही हाक होतच राहिली, सगळे थांबत, आणि पळवाटकर पुढे निघून गेले तरी कुणी ओरडत नसे. दिवाळीनंतर त्यांची पुण्याला बदली झाली. निरोप द्यायला मी एकटा गेलो होतो. राग होता, पण त्या शेवटच्या वळणावर वाजवलेल्या टाळ्याही माझ्याच होत्या. असलं डोकं देवाने दिलं आणि ते कुठे खर्च करायचं एवढंच सांगायचं राहून गेलं, याची हळहळ मला आजही वाटते.

मध्ये एकदा त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग जरा घुटमळून म्हणाले, "सर, त्या शर्यतीत मी एकही नियम मोडला नव्हता ना?"

"नाही."

"मग विलास, वैशाली, कुणीच माझा फोन का उचलत नाही?"

त्यांच्या आवाजात खरंच दुखल्यासारखं काहीतरी होतं. मला वाटलं, आता कळेल यांना. मी हळूच विचारलं, "पळवाटकर, त्या दिवशी पुढे गेलात तेव्हा तुम्ही एकदा तरी मागे बघितलंत का हो?"

"बघितलं की! आरशात सगळे दिसत होते," त्यांचा आवाज एकदम खुलला. "बघता बघता चांगलं अर्ध्या फेरीचं अंतर पडलं."