पट्टी लावायची की नाही

बायको गेल्याचं क्लिफर्ड बॅगशॉला काहीच वाटत नाही, असं गावात म्हणायचे. खरं सांगायचं तर त्यालाही तसंच वाटायचं. मार्चात बेरिल गेली. एप्रिलात त्यानं तिचे कोट चर्चला देऊन टाकले. मेपर्यंत दोघांचा चहा टाकायची सवयही सुटली. रडू नाही, राग नाही, आत सगळं बधिर.

चाळीस वर्षं डर्बीशरच्या डोंगरात त्यानं जुन्या स्पोर्ट्स गाड्या दुरुस्त केल्या. हातात कसब, पण तोंड फाटकं. कुणी हौशी गिऱ्हाईक म्हणालं, "मागची चाकं धरून ठेवणाऱ्या लोखंडी आर्मना जाड पट्ट्या वेल्ड करून द्या," की याचं प्रवचन सुरू. "शर्यतीत पळवणार आहेस? नाही ना? मग कशाला? रस्त्यावरचा आर्म वाकला तर दिसतो, बदलता येतो. तो ताठ केलास की धक्का जातो चॅसीत, गाडीच्या सांगाड्यात, आणि तिथली चीर तुझ्या बापालाही दिसायची नाही!" आणि म्हातारा चूक नव्हता, हेही कबूल करायला हवं.

त्याची स्वतःची गाडी त्र्याहत्तर सालची, हिरवी, दोन सीटची. दर रविवारी तो आणि बेरिल तिच्यातून खिंडीच्या माथ्यावर जायचे, थर्मासमधला चहा प्यायचे आणि परत यायचे. आता तिची राख तिथेच उधळायची होती. याच गाडीतून न्या, असं तिनं लिहून ठेवलं होतं. पण मुलगी जिलियन अडून बसली.

"पट्ट्या लावल्याशिवाय मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही, बाबा."

"अगं, आर्म उतरवून बघितलेत मी. केसाएवढी चीर नाही. सव्वीस वर्षं चालवतोय."

"आणि सव्वीस वर्षं आई तुला पट्ट्या लाव म्हणत होती."

"म्हणत होती कुठे? वर्षातून एकदा विचारायची. मी समजावलं की म्हणायची, 'बरं बदका, तू म्हणशील तसं.'"

जिलियननं कपाळावर हात मारला. "म्हणजे तिला पटलं असं वाटलं तुला?"

त्या गावात सगळेच एकमेकांना लाडानं बदक म्हणतात, खाटीक गिऱ्हाइकाला आणि नर्स पेशंटला. आणि 'तू म्हणशील तसं' म्हणजे 'तुझ्यापुढे डोकं कोण फोडणार' हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. क्लिफर्ड तिथेच जन्मलेला. गिऱ्हाईक म्हणालं असतं तर याला बरोबर कळलं असतं. बायको म्हणाली, तर यानं ते जसंच्या तसं खरं मानलं. शहाणा कुठला!

"घाबरायची ती?" त्यानं विचारलं.

"दरीवरच्या वळणाला डोळे मिटून घ्यायची. मला सांगायची, तुला नाही."

हे ऐकूनही त्याच्या आत काही हललं नाही. दोन दिवस खपून त्यानं दोन्ही आर्मना पट्ट्या वेल्ड केल्या, रंग दिला, आर्म परत बसवले. गरज नसलेलं काम त्यानं जन्मात पहिल्यांदा केलं.

रविवारी जिलियन म्हणाली, "तू राख सांभाळ, गाडी मी चालवते." डबा मांडीवर घेऊन तो डावीकडच्या सीटवर बसला. त्या गाडीत त्या बाजूला तो कधी बसलाच नव्हता. गाडी आतून पुसायची ती बेरिलच.

दरीवरचं वळण आलं. हात आपसूक दाराच्या मुठीकडे गेला. मुठीचं चामडं वरून छान चकचकीत होतं, पण बोटं खाली वळली तिथे चार ठिकाणी झिजून पार पत्रा लागत होता. चारही जागा अरुंद, बाईच्या बोटांच्या. याची जाड बोटं त्यात मावेनात.

"काय बाबा, पट्ट्यांनी फरक पडला का काही?"

तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्याला आत काहीतरी दुखलं. त्यानं डबा छातीशी घट्ट धरला.

"हळू घे गं," तो म्हणाला. "आईला भीती वाटते."