एका होकारासाठी वरंध घाट उतरताना

फोन सानिकाचा होता आणि आवाज रडका होता. "आत्या, बाबा नायच म्हणतायत गो. बुधवारी व्हिसाची मुलाखत हाय. तू ये." निघायला मला तेवढं पुरे होतं.

आधी कोण कुठलं ते सांगते. मी पोलादपूरच्या डोंगरातल्या एका वाडीतली, आता पुण्यात नोकरी करते. सानिका माझ्या थोरल्या भावाची मुलगी. मी शिकले अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका चिमुकल्या कॉलेजात. कॉलेज चर्चचं आणि मूळचं कृष्णवर्णीयांचं. गुलामी संपली तरी बाकीच्या कॉलेजांची दारं या लोकांना बंदच होती, तेव्हा त्यांच्या चर्चनं स्वतःचं कॉलेज उभं केलं. आता तिथे कुणीही शिकू शकतं. मला स्कॉलरशिप मिळाली म्हणून मी गेले आणि जन्माची माणसं जोडून आले. यंदा सानिकालाही तिथेच प्रवेश मिळाला, स्कॉलरशिपसकट. आणि दादा अडून बसला. कारण सांगेना; चर्चचं कॉलेज म्हणूनच असेल, असं मी धरून चालले.

नेमकी तेव्हाच डेनिस माझ्याकडे पुण्यात आली होती. ती माझी कॉलेजातली रूममेट, आता तिथेच इतिहास शिकवते. "चल, गाव दाखवते," म्हणून तिला गाडीत घातलं. लढाईवर नेतेय हे भोर मागे पडल्यावर सांगितलं. ती म्हणाली, "मग आधी नीट खाऊन घेऊ."

तर खाण्याचं. पुण्याहून भोरमार्गे वरंध घाटानं येणार असाल तर पावसाळ्यात रस्ता चालू आहे का ते विचारूनच निघा, दरडींमुळे तो बऱ्याचदा बंद असतो. आम्ही मे महिन्यात गेलो. रस्ता अरुंद, वळणं एकाला लागून एक, पण वाघजाईच्या देवळापाशी टपरीवर गरम कांदाभजी मिळते आणि समोर अख्खी दरी. भजी माकडांपासून सांभाळा. डेनिसची अर्धी प्लेट एका माकडिणीनं नेली, तेव्हा ही बाई रागावण्याऐवजी टाळ्या वाजवत होती. घाट उतरलात की वरंध गाव आणि मग महाड. गाडी नसेल तर कोकण रेल्वेनं वीर स्टेशनला उतरा, बाहेर महाडसाठी रिक्षा असतात, भाडं बसण्याआधी ठरवा.

महाडला आम्ही चवदार तळ्यावर थांबलो. हे तळं डेनिसला माझ्याहून आधी माहीत होतं, ती ते वर्गात शिकवते. ज्या पाण्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता त्यावर माणसांना होता, आणि ती माणसं इथवर चालत आली आणि प्यायली. डेनिस शेवटच्या पायरीवर बसली आणि तिनं पाण्यात हात बुडवला. "माझ्या आजीला बसस्टँडवर वेगळा नळ होता," एवढंच म्हणाली. मला तिचा आणि या गावाचा फार अभिमान वाटला. मग बाजारात मासळीची थाळी खाल्ली. दोनशेच्या आसपास पडते, सोलकढी पुन्हा मागा, देतात.

महाड ते पोलादपूर हायवे झकास आहे. खरा प्रवास त्यानंतर, डोंगराकडे वळल्यावर. करवंदांच्या जाळ्या, लाल धूळ आणि समोरून एसटी आली की मागे मागे जात राहायचं.

दादानं स्वागत जोरात केलं. वहिनीनं तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी आणि फणसाची भाजी केली होती. दादा डेनिसच्या पानात भाकरीवर भाकरी वाढत होता आणि गप्पा मारत होता आंब्याच्या, रानडुकरांच्या, मुंबईहून सुट्टीला आलेल्या पाहुण्यांच्या. कॉलेजचा क मात्र नाही. मी विषय काढला की तो उठून गुरांकडे जायचा. सानिका माझ्याकडे बघायची आणि मी छताकडे. अंथरुणावर पडल्या पडल्या मी भाषण तयार केलं: सगळे धर्म सारखे, मी तिथे राहून बाटले का, वगैरे. फर्मास भाषण होतं. ते वाया गेलं.

सकाळी दादा म्हणाला, "पाहुणीला देवीच्या पाया पाडून आणू." वाडीच्या वर आमच्या ग्रामदेवीचं देऊळ आहे. मुंबईकर, म्हातारे, बाया, सगळे मागोमाग निघाले, कारण अमेरिकेची पाहुणी रोज येत नाही. डेनिसनं घातले होते घोट्याच्या वर जाणारे, लांबलचक लेसचे बूट. पायरीवर बसून ती एकेक गाठ सोडत राहिली आणि अख्खी वाडी शांतपणे थांबली. कुणी तिला काढ म्हटलं नव्हतं.

दादा बघत होता. एकदम म्हणाला, "हिला समजतंय की! मग हिच्या कॉलेजात देवासमोर चप्पल कंपल्सरी कशापायी?"

"काय कंपल्सरी?"

"चप्पल! सानिकाच फोनवर बोलत होती, मी ऐकलं. दर गुरुवारी प्रार्थना, चप्पल कंपल्सरी."

सानिका किंचाळली. "बाबा, चॅपल! चॅपल म्हणजे प्रार्थनेचा हॉल! गुरुवारी तिथं जावंच लागतं, एवढंच बोलले मी!"

"मी पण चप्पलच ऐकलं," वहिनी म्हणाली. मागून आणखी तिघी म्हणाल्या, त्यांनीही. प्रवेश मिळाल्यापासून अख्खी वाडी समजत होती की पोरीला देवापुढे चपला घालून उभं करणार आहेत. मी हसून हसून खाली बसले.

"हसू नको गो," दादा म्हणाला. "सरळ सांग. त्या हालात जाताना पायातलं काढतात का?"

आली का पंचाईत! काढत नाहीत. बूट घालूनच बसतात. "हो" म्हणून टाकलं असतं तर तिथल्या तिथे मिटलं असतं, पण देवळाच्या पायरीवर, दादाच्या तोंडावर, मला ते जमेना. "नाही काढत," मी म्हणाले. दादाचा चेहरा पडला.

डेनिसनं सानिकाला विचारलं काय चाललंय. सानिकानं सगळं सांगितलं. डेनिस पोट धरून हसली, मग दादाकडे वळली आणि सावकाश बोलू लागली. सानिका एकेक वाक्य आपल्या बोलीत सांगत गेली, न अडखळता.

"बाबा, त्या म्हणतात, आत्या पहिल्याच गुरुवारी दाराबाहेर बूट काढून अनवाणी आत गेली. कुणी हसलं नाय. एका म्हातारीनं विचारलं, पाय दुखतायत का? आत्या बोलली, देवाजवळ आम्ही असंच जातो. तर पुढच्या गुरुवारी दाराशी बूट ठेवायला जागा केलेली, आणि हिवाळ्यात लादी गार लागते म्हणून त्या म्हातारीनं लोकरीचे मोजे विणून दिले."

डेनिस पुढे बोलली, आणि सानिकानं थेट दादाकडे बघत सांगितलं. "त्या म्हणतात, आमच्या लोकांना कुठून आत यायचं, कुठं बसायचं, ते दुसऱ्यांनी लय सांगितलं. म्हणून आमच्या दारात आम्ही कुणाला सांगत नाय."

दादानं मला विचारलं, "मोजे खरंच दिले?"

"अजून आहेत माझ्याकडे."

त्यानं नारळ उचलला आणि सानिकाला हाताला धरून आत, देवीपुढे उभं केलं. आमच्याकडे मोठं काम असलं की गाऱ्हाणं घालतात: घरचा कर्ता देवीला मोठ्यानं मागणं सांगतो आणि जमलेले दर वाक्याला होकार देतात. दादाचा आवाज अख्ख्या डोंगरात गेला असेल.

"हे आई, ही तुझी पोर परमुलखात शिकाया जातेय!"

"होय महाराजा!"

"जाताना सुखाची जाऊ दे, येताना मोठी होऊन येऊ दे!"

"होय महाराजा!"

"आणि तिथल्या देवाला सांग, पोर आमची हाय, नीट बघ!"

"होय महाराजा!" यावेळी सगळ्यांत खणखणीत आवाज डेनिसचा होता. तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या चर्चमध्येही उपदेशकाच्या दर वाक्याला माणसं असाच मोठ्यानं होकार देतात, ती तिथेच वाढलेली. वाडी तिच्यावर फिदा. मी आणि वहिनी गळ्यात गळा घालून रडलो, आणि सानिका, जिचं सगळं पणाला लागलं होतं, ती वेड्यासारखी हसत होती.

परतताना दादा आमच्याबरोबर महाडपर्यंत आला. बाजारात चपलांच्या दुकानात शिरला आणि म्हणाला, "पोरीसाठी चांगले बूट दाखवा. लेस नको. पटकन काढता आले पायजेत."

आता पुण्यात आहे. डेनिस परत गेली, गाडीला लाल धूळ तशीच आहे, धुवावीशी वाटत नाही. आमच्या डोंगरातून अमेरिकेला जाणारी मी पहिली होते, आणि इतकी वर्षं एकटीच होते. आता नाही. हे डोक्यात आलं की चालता चालता मी उगाच हसते.

बुधवारी संध्याकाळी वहिनीचा फोन आला. व्हिसा झाला होता. मागे दादाचा आवाज ऐकू येत होता, ओटीवर जमलेल्यांना तो कॉलेजची माहिती सांगत होता, जणू स्वतः तिथे शिकून आलाय.

"चपलेचं काय नाय रे," तो म्हणत होता. "तिथं दर गुरुवारी गाऱ्हाणं असतं. कंपल्सरी."