शेडमधल्या फियाटमधून आई कुठे जायच्या

इथले अनुभव मी चहा पिता पिता वाचते आणि बहुतेकांवर हसते, हे आधीच कबूल करते. पेडण्यात औषधांच्या दुकानात मी फार्मासिस्ट आहे. आधी अंगारे लावून ताप अंगावर काढायचा आणि मग गोळीने लगेच गुण येत नाही म्हणून माझ्यावर ओरडायचं, अशी माणसं रोज बघते. त्यामुळे भुताखेतांची मला भीती नाही, चीड आहे. तरी लिहितेय... कारण आमच्या घरात हा विषय काढायला मनाई आहे.

आमचं घर धारगळला, हायवेपासून जरासं आत. अंगणाच्या कडेला पत्र्याची शेड आणि तिच्यात सासऱ्यांची फियाट. ते, म्हणजे बाबा, गेल्यापासून ती जागची हललेली नव्हती. टायर बसलेले, बॅटरी काढलेली, बॉनेटखाली उंदरांनी संसार थाटलेला. बाबा होते तेव्हा शनिवारी जेवणं झाली की ते आणि सासूबाई बाहेर पडायचे. कधी आमोण्याला सुमनमावशीकडे, म्हणजे सासूबाईंच्या बहिणीकडे, तर कधी शिवोलीला सासूबाईंच्याच भावाकडे.

बाबांच्या मागे आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) दर शनिवारी दुपारी साडी बदलून, पर्स घेऊन त्या गाडीत जाऊन बसायला लागल्या. पुढे, डाव्या सीटवर. माझं दुकान दुपारी बंद असतं, तेव्हा मी व्हरांड्यातून लक्ष ठेवायचे. म्हटलं, बसू देत. कुणाचं काय जातंय?

एका शनिवारी त्या आत आल्या आणि पाय धुता धुता म्हणाल्या, "सुमनाचो न्हाणयेकडलो माड पडलो गो. गोठ्याची कौलां फुटली."

"तुमकां कोणी सांगलां?"

"सांगूक कित्याक होया? आताच जावन इलंव मां आमी."

"आमी म्हणजे कोण?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच भ्रमिष्ट. "तुझे मामंजी नि मी."

डॉक्टरांना विचारायला हवं, एवढंच मनात आलं. संध्याकाळी मावशीच्या मुलाचा फोन आला. दुपारी माड गोठ्यावर कोसळला होता, नशिबाने गाय बाहेर होती. आईंकडे मोबाइल नाही. घरचा जुना फोन हायवेच्या खोदकामात मेला तो मेलाच. माझा नवरा प्रसाद म्हणाला, बोलाफुलाला गाठ पडली. मीही तेच म्हटलं.

मग एकदा त्या उशिरा उतरल्या. म्हणाल्या, चोपड्याची फेरीबोट चुकली म्हणून वेळ झाला आणि भावाची नात आज चालायला लागली. शिवोलीच्या वाटेवर चोपड्याला पूल होऊन किती वर्षं झाली! मी मनात हसले. रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर नातीच्या पहिल्या पावलांचा व्हिडिओ आला. पण मला खटकली ती वेगळीच गोष्ट. सकाळी मीच त्यांचा अंबाडा घट्ट बांधून दिला होता. त्या गाडीतून उतरल्या तेव्हा केस सुटून कपाळावर आले होते, फेरीबोटीवरून वाऱ्यात उभं राहून आलेल्या बाईचे असतात तसे. शेडमध्ये तर वाऱ्याची झुळूकही नव्हती.

एवढ्यात थोरल्या भावजींना फियाटची आठवण झाली. ते पणजीला असतात. बाबांच्या वर्षश्राद्धाला त्यांना सुटी मिळाली नव्हती, पण आता मुलीचं लग्न ठरलं होतं आणि जुन्या गाडीतून नवरी नेण्याची फॅशन आहे म्हणे. कामापुरता मामा! तरी मला आनंदच झाला. त्यांनी बेळगावकडचा मिस्त्री आणला. त्याने गाडीखाली शिरून सगळं पाहिलं आणि म्हणाला, "इंजान खोलाय लागतंय वयनी. खरं गाडी चालंल." आई त्या दिवशी दोन घास जास्त जेवल्या.

आणि प्रसादने घात केला. गमतीगमतीत भावाला सगळं सांगून टाकलं... माड, नात, मामंजी. मला वाटलं होतं भावजी हसतील. ते हसले नाहीत. टायरवर ठेवलेला पाय त्यांनी हळूच मागे घेतला. "माझी पोरगी ह्या गाडीत बसची नाय," एवढंच म्हणाले.

मी भांडले. म्हटलं, नका बसवू तिला, पण गाडी राहू दे, आईंना दुसरं काय आहे? भावजी म्हणाले, "वयनी, तुमकां हेतलां काय कळणां नाय."

पुढच्या आठवड्यात नारळ, सोरो (दारू) आणि जाड भाकरीचा रोट घेऊन दोघे भाऊ राखणदाराकडे, म्हणजे गावाच्या राखणदेवाकडे गेले. गावच्या जाणत्याने गाऱ्हाणं घातलं, "ह्या वाहनावांगडा कोण मागे रावलेलो आसात तर तेका तेची वाट दाखय रे म्हाराजा!" आणि माझा शिकलेला नवरा हात जोडून म्हणाला, "व्हय म्हाराजा." स्वतःच्या बापाला घराबाहेर काढायला हे 'व्हय म्हाराजा'! ज्यांचा विश्वास होता त्यांनीच गाडी भंगारात घातली, आणि ती राहावी म्हणून रडली ती विश्वास नसलेली मी.

क्रेन आली तेव्हा आई गाडीतच होत्या. प्रसादने सांगितलं, दुरुस्तीला नेतोय. त्या स्वतःहून उतरल्या, काच वर करून दार हलकेच लावलं.

त्यानंतरच्या एका शनिवारी मी दुकानातून आले तर त्या पायरीवर बसलेल्या, पर्स मांडीवर.

"ते इल्ले," म्हणाल्या. "चलत. पाय धुळीन भरलेले."

"मगे?"

"सुमनाक घेवक गेले. माका नेवक नाय. म्हणाले, तुझी ढोपरां दुखतत, तुका चलूक जमाचां नाय."

सुमनमावशी गेल्याचा फोन तासाभराने आला. जेवून आडवी झाली ती उठलीच नाही.

भावजींना कळवलं तर पलीकडून म्हणाले, "बघितलांत? गाडी आसती तर आईकय घेवन गेले आसते." आवाजात दुःख कमी आणि सुटका जास्त. मला त्यांचा संताप आला, अजून येतो. मी फोन ठेवला. पण माड, केस आणि आता हे... योगायोग म्हणून मी तरी किती वेळा म्हणणार?

मावशी गेल्याचं आईंना आम्ही सांगितलं. त्या रडल्या नाहीत. आता त्या शनिवारीच नाही, रोज दुपारी साडी बदलून पायरीवर बसतात आणि मी घरी आले की विचारतात.

"त्या मिस्त्र्याक सांगलंस मां, गाडी बेगीन कर म्हणान?"

मी सांगते, व्हय आई, सांगलंय.