पेनीची जीभ

माझं तोंड फार चालतं म्हणून मला नकार आलेले आहेत. स्थळांनी कळवताना 'पत्रिका जुळत नाही' असंच कळवलं, पण एकाच्या मामानं मेहकरच्या बाजारात आमच्या शेजाऱ्यांपाशी खरं ओकून टाकलं: "पोरगी चांगली हाय हो, पण तिनं आमालेच प्रश्न इचारले." विचारले होतेच. ज्याच्या घरी जन्म काढायचा त्याला काही विचारूच नये की काय? आता तुम्हीच सांगा.

म्हणून बुलढाण्याचं स्थळ यायचं ठरलं तेव्हा आईनं मला देवघरापुढं उभं केलं. "पाहुण्यासमोर हाव आन् नाही, याच्यावर एक शबुद बोलशीन त माह्या गळ्याची आन." आईचंही बरोबर होतं. बीबी गावाकडचा एक बिजवर टपून बसलेला होता आणि त्याची थोरली मुलगी माझ्याच वयाची होती. बाबांनी त्याला नाही म्हटलं नव्हतं, "पाहू" म्हटलं होतं. हे स्थळ हुकलं की त्या 'पाहू'चं 'हो' होणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मुलगा बांधकाम खात्यात नकाशे काढायचा. घराणं मूळचं पुण्याचं, तो मात्र जन्मला-वाढला बुलढाण्यातच. त्याला आईवडील नव्हते, म्हणून त्याचं सगळं पाहणारी आत्या मुद्दाम पुण्याहून येणार होती. पुण्याची बाई म्हटल्यावर बाबांना वेगळाच जोर चढला. त्या काळी मुलगी पाहायला आले की तिच्यापुढं कागद ठेवून नाव लिहायला लावत, आणि माझं अक्षर होतं सुरेख. "अक्षर पाहूनच हो म्हन्तीन," बाबा म्हणाले, "पन लिवायचं माह्याच पेनीनं."

बाबा तहसील कचेरीत कारकून. त्यांची पेन काळीभोर, जाडजूड, पिवळ्या निपेची. ती घेतली तेव्हा आमचा जिल्हा मध्य प्रदेशात होता, ती बिघडली तेव्हा महाराष्ट्रात, आणि या सगळ्या काळात आम्ही मेहकर सोडून कुठंही गेलो नव्हतो. अलीकडं बाबांनी दौतीतल्या निळ्या शाईत पुडीची काळी शाई कालवून ती भरली होती. आत नुसता चिखल झाला. ओळभर चालायची, की बंद. झटकली की भिंतीवर ठिपके, कागदावर मात्र काही नाही.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाही तर पुढचं कळायचं नाही. आमच्या वऱ्हाडात पेन ही बाई असते. माही पेन, तुही पेन. पुण्याकडं 'ते पेन' म्हणतात हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. आणि निपेखाली ती काळी पट्टी असते ना, जिच्यातून शाई उतरते, तिला आम्ही म्हणतो जीभ.

तर त्या रविवारी दुपारी आई शेजारी चांगल्या कपबशा मागायला गेली होती. बाबा आणि मी मागच्या पडवीत पेन खोलून बसलो होतो. पाहुणे चारच्या गाडीनं यायचे होते, पण त्यांना आधीची एसटी मिळाली. दार उघडं होतं, बैठकीत कुणी नव्हतं, म्हणून आत्याबाई आणि मुलगा सभ्यपणे खुर्च्यांवर बसून राहिले. बैठक आणि पडवी यांच्यामध्ये एक पडदा, आणि बाबांचा आवाज असा, की कचेरीत ते कुजबुजले तरी बाहेर चहावाल्याला कळायचं.

"तिची जीभ जड झाली," बाबा म्हणत होते. "काहीच उतरत नाही बाहेर!"

मी मान हलवली.

"मान धर तिची. घट्ट धर. फिरव. सुटत नाही त काय करते! अजून गरम पानी ओत."

जीभ सुटली. तिच्या चिरेत घट्ट शाई बसलेली. मी ती तोंडात धरून जोरात चोखली, कारण फुंकून काही निघत नव्हतं. बाबा काही विचारत होते आणि मी नुसतं "ऊं, ऊं" करत होते.

"पहिले कशी घडाघडा चाले," बाबा कळवळून म्हणाले. "माहीच चूक झाली. थांब, ब्लेड आनतो. मधातून चीर मोकळी करतो. आज पाहुण्यासमोर दोन ओळी चालली म्हंजे झालं. मंग पडली बंद, त पडू दे!"

पडद्यापलीकडं काय झालं असेल त्याची कल्पना तुम्हीच करा. आई कपबशा घेऊन आली, तिनं पाहुणे पाहिले आणि मग एकच धावपळ उडाली. मी पाण्यानं तोंड धुतलं. ओठ स्वच्छ झाले. पण आत जीभ, म्हणजे माझी जीभ, निळीशार. आईनं पाहिलं आणि कपाळ बडवून घेतलं. "आता त तोंडच उघडू नको!"

नाही उघडलं. पोह्यांचा ट्रे ठेवला आणि खाली मान घालून बसले. मुलगा सावळा, नाकीडोळी नीटस, आणि गप्प. आत्याबाईंनी मला नाव विचारलं ते इतकं सावकाश आणि इतक्या मोठ्यानं, की मला वाटलं पुण्यात असंच विचारत असतील. बाबांनी झटदिशी कागद आणि पेन पुढं केली. मी लिहिलं. पेन चालली! शेवटच्या अक्षरावर एक गोल डाग पडला, पण चालली.

"अक्षर सुंदर आहे," आत्याबाई म्हणाल्या आणि बाबांकडं वळल्या. "हे बघा, आम्ही लवकर आलो होतो. तिच्या जिभेचं सगळं आमच्या कानावर आलंय."

"हाव का?" बाबा ओशाळले. "थोडी जड झाली होती. आता धुतली."

"डॉक्टरांना दाखवलं होतं?"

"डॉक्टर कायले? म्या सोताच ब्लेडनं साफ केली."

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. "जन्मापासून आहे का हे?"

"छ्या! दोन वेगळेवेगळे माल मिसळले, त्याच्यानं झालं. आता चालते. पन तिचा भरोसा नाही हो, मधातच अडते. मंग झटकाव लागते."

"झटकता?" आत्याबाई जवळजवळ उठल्याच. मग मायेनं माझ्याकडं वाकल्या. "बाळ, घाबरू नकोस. जरा जीभ दाखव पाहू."

मोठ्या माणसाचं ऐकायचं, असंही आईनंच शिकवलेलं. मी दाखवली.

"अगंबाई! निळी!"

इथं माझा धीर सुटला. आईच्या गळ्याची आन आईच्या गळ्यापाशी राहू द्या म्हटलं आणि सुरू झाले. "आत्याबाई, जड झाली ती पेनीची जीभ वो! माही नाही! बाबानं तिच्यात दोन शाया कालवल्या, म्या ती चोखली, म्हनून माही निळी झाली. माही जीभ चांगली ठनठनीत हाय, इचारा गावात कोनालेही. ती चालते म्हनूनच त लोकं मले नाही म्हन्तात!"

"पण तुझे बाबा तर 'तिची, तिची' म्हणत होते."

"मंग पेनीले काय म्हन्तीन?"

"पेन 'ते' असतं गं."

"तुमच्या पुन्यात असन! आमच्या इथं बाई असते. आन् इतके वर्ष कचेरीत राबली, तिले 'ते' काऊन म्हनायचं?"

आईनं डोळे मिटून घेतले. बाबांना आत्ता उलगडा झाला आणि ते स्वतःशीच "ब्लेडनं... अरे देवा!" करत खिदळायला लागले. मला वाटलं आत्याबाईही हसतील. पण त्यांचा चेहरा उतरला होता.

"खरं सांगते," त्या म्हणाल्या, "तुमचं ते बोलणं ऐकून मला वाईट नव्हतं वाटलं. बरं वाटलं होतं. आमचा मुलगा हुशार आहे, गुणी आहे, पण बोलताना अडखळतो. म्हटलं, दोघं एकमेकांना समजून घेतील. पण ही तर अशी धबधबा बोलते! हिच्यापुढं त्याला कधी बोलायला मिळायचं?"

संपलं. मला बीबीचा बिजवर दिसायला लागला, मिशांसकट.

तेवढ्यात मुलगा खुर्चीत पुढं सरकला. "म... म..."

"मी निघतो, म्हणतोय," आत्याबाई म्हणाल्या.

त्यानं 'नाही' अशी मान हलवली. "म... मले..."

"पानी पाह्यजे असन," बाबा म्हणाले आणि आईनं तांब्या पुढं केला.

त्यानं तांब्या घेतला. प्यायला नाही. तो मुकाट्यानं हातात धरून खाली पाहू लागला. त्याचे कान लाल झाले होते, आणि हे त्याचं रोजचंच असणार हे मला कळलं. मला असा राग आला, असा राग आला, की मी उभीच राहिले.

"थांबा ना वो सगळे! ते बोलून राह्यले न! त्यायचं वाक्य तुमी काऊन पुरं करता?"

त्यानं मान वर केली, माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"म... मले ही प... पसंत हाय. हिले म... मी पसंत हाय का, ते क... कोनी इचारलंच नाही."

सगळे माझ्याकडं पाहायला लागले. इतक्या स्थळांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. आणि आता माझ्याच तोंडातून शब्द फुटेना. काही केल्या फुटेना.

"आता बोल न वं!" आई कळवळून म्हणाली. "हाव म्हन लवकर!"

त्यानं तांब्या खाली ठेवला.

"थ... थांबा," तो आईला म्हणाला. "ब... बोलू द्या तिले."