आजोबांची मोटारसायकल मी बंद केली

आजोबांची मोटारसायकल तुमच्या आईने बंद करायला लावली असं तुम्ही समजता, आणि फोनवर तिच्याशी धड बोलत नाही. ते चूक आहे. बंद मी केली. कशी, ते लिहूनच कळवते, कारण फोनवर बोलायला लागले की आजोबा शेजारी येऊन बसतात.

तुमची आई मला एवढंच म्हणाली होती, "आई, बाबा पंचाहत्तरीचे झाले. एकदा मागे बसून लांबवर जाऊन ये आणि त्यांनी गाडी चालवावी की नाही ते खरं सांग. तू म्हणशील तसं करू." म्हणजे निकाल माझ्यावर. इतकी वर्षं शाळेत इंग्रजी शिकवताना मी कुणाला उगाच पास केलं नाही, नवऱ्यालाही करणार नव्हते. वहीत चार गोष्टी लिहून घेतल्या: ब्रेक, वळणं, वेग, दिवे. आजोबांना म्हटलं, "पेडण्याच्या बाजूला कॉफीचं नवं दुकान झालंय, शनिवारी जाऊया."

ते इतके खूश झाले की मलाच अपराधी वाटायला लागलं. तीस वर्षं ते मुरगावच्या बंदरात खनिज बोटीत भरायच्या यंत्रांपाशी कामाला होते आणि दर शनिवारी ह्याच गाडीवरून मुळगावला घरी यायचे. गाडी जाणं त्यांना किती लागेल, हे मला ठाऊक होतं.

नऊला निघायचं ठरलं होतं. आरसे पुसण्यात पावणेदहा झाले. मग अस्नोड्यापर्यंत त्यांची बडबड अखंड चालू. ह्या वळणावर कुणाचा आंबा होता, त्या घराची जनेलं, म्हणजे खिडक्या, कुणी बदलली, चतुर्थीला गणपतीच्या वर फळं टांगतो त्या माटोळीला यंदा नारळ कुठून आणायचे. मी मागून उत्तरं देत होते आणि वहीतली यादी मनात तपासत होते. ब्रेक ठीक. वळणं उत्तम. वेग माझ्या मनासारखा. मला जवळजवळ रागच आला, एवढं व्यवस्थित चाललं होतं.

कोलवाळच्या अलीकडे पाइपांसाठी रस्ता खणला होता. लाल फडकं घेतलेल्या कामगाराने आम्हाला थांबवलं. पुढे नुसते दगड आणि माती. मी म्हटलं, "अहो, मी उतरते. चालत पलीकडे येते, तिथे थांबा." त्यांनी मान हलवली. मी उतरले, पदर सावरला. तेवढ्यात हिरवं फडकं हललं आणि आजोबा निघाले. पलीकडे गेले. थांबलेच नाहीत.

"आज्जी, आजोबा निघालं की वो!" कामगार ओरडला. तो बेळगावकडचा असावा. त्याने दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की पलीकडच्या शेतातली गुरं वर बघायला लागली. मीही हाका मारल्या. पाठ वळली नाही.

"आजोबास्नी ऐकू येत न्हाई व्हय?"

"सगळं ऐकू येतं त्यांना," मी तोडून म्हटलं. "लक्ष नाही, एवढंच."

माझी पिशवी, पाकीट, फोन, सगळं गाडीच्या हँडलला. भर उन्हात मी धुळीत उभी. त्या कामगाराने मला दगडावर बसवलं, बाटलीतलं पाणी दिलं आणि वर विचारलं, "भांडून आलाय काय घरातनं?" शेवटी एक पायलट आला. पायलट म्हणजे आपल्याकडचे भाड्याची मोटारसायकल चालवणारे, पिवळ्या मडगार्डवाले. त्याला सगळी हकीकत सांगितली तर तो दुकान येईपर्यंत हसत होता.

आजोबा त्यांच्या सावकाश वेगाने नुकतेच पोचले होते. गाडी स्टँडवर लावून, हात कमरेवर ठेवून रिकाम्या सीटकडे बघत होते. पायलट ओरडला, "काका, तुमचें सामान वाटेर पडिल्लें, हाडलां!" वाटेत पडलेलं सामान आणलंय म्हणे, म्हणजे मी. दुकानातली माणसं हसली. आजोबाही हसले, मान हलवली. मग मला बघून म्हणाले, "अगो, तू केन्ना उतरलीस?"

"कोलवाळला. तुम्ही एवढा वेळ कुणाशी बोलत होता?"

"तुझ्याशीच."

"आणि मी उत्तर देत नाही, हे कळलं नाही?"

ते खुर्चीवर बसून कार्ड वाचायला लागले, जसं काही फार महत्त्वाचं होतं. कार्डावर कॉफीची बारा नावं होती आणि एकही नुसती कॉफी नव्हती. मी चिडले होते, पण आता कॉफीवर नव्हे. अस्नोड्यापर्यंत मी दिलेली उत्तरं मला एकेक आठवत होती. त्यातलं एकही त्यांच्यापर्यंत गेलं नव्हतं. घरी कधीपासून असं होतं? पाठीमागून विचारलं की ते मान हलवतात, आणि मी समजते, पटलं. माझ्या यादीत चार गोष्टी होत्या. कान नव्हते.

मी उठून त्यांच्या मागे उभी राहिले आणि रोजच्या आवाजात म्हटलं, "पाणी हवंय का?" कॉफी देणारी मुलगी चार मेजांपलीकडून वळली. "आणते हं, आजी." आजोबांनी पान उलटलं.

मी समोर येऊन बसले. "मागून येणाऱ्या ट्रकचा भोंगा ऐकू येतो तुम्हाला?"

"आरसे आहेत."

"मी विचारलं काय?"

कार्ड मिटून ते म्हणाले, "पोरीला सांगू नको."

"सांगणार."

"तू मास्तरीणच राहिलीस."

भांडण तिथेच संपलं असतं तर बरं झालं असतं. पण ते म्हणाले, गाडी गेल्यावर मी घरात बसून काय करू, तुझ्या सूचना ऐकू? त्यावर मी म्हटलं, त्या तरी कुठे ऐकता. दोघांनाही हसू आलं नाही. कॉफी आली, त्यांनी अर्धी टाकली. किल्ली माझ्या हातात दिली नाही. मेजावर ठेवली आणि बाहेर गेले. गाडी दुकानाच्या मालकाच्या आवारात ठेवून दुसऱ्या दिवशी भाच्याकरवी आणवली. कानांच्या डॉक्टरकडे पणजीला जायचं म्हटलं की त्यांचा अजून गुडघा दुखतो. मला त्याचा फार संताप येतो, हेही तुम्हाला कळू दे.

त्या दिवशी बसच्या थांब्यापर्यंत ते पुढे आणि मी मागे. मागून दोन बेफाम स्कूटर येत होत्या. मी हाक मारणार होते, पण उपयोग काय? मी पावलं उचलली, त्यांच्या पुढे झाले, आणि त्यांना दिसेल असा हात करून कडेला घेतलं.