सव्विसावी खुर्ची

१९९९ सालचा ऑगस्ट महिना, पहिला रविवार. ठिकाण नगर, एका मंगल कार्यालयाचा वरचा हॉल. वर्गणी माणशी पन्नास रुपये, जमा तेराशे. हजर सव्वीस; पैकी पंचवीस बसलेले आणि एक उभे. उभे होते ते आमचे साडू. सबंध नगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यापासून जामखेडपर्यंत, या माणसाइतका अस्वस्थ माणूस दुसरा नसेल. माझी नोकरी हिशेब तपासण्याची आहे, त्यामुळे मोठी विधानं करायची मला सवय नाही. पण हे एक मी सहीशिक्क्यानिशी करायला तयार आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. पारनेरच्या बाजारपेठेत त्यांचा फोटो स्टुडिओ आहे आणि लग्नसराईत ते व्हिडिओ शूटिंग करतात. आमच्याकडे आले की पुढच्या दाराने आत येतात, मागच्या दाराने बाहेर पडतात आणि चहा होईपर्यंत पुन्हा पुढच्या दारात हजर होतात. एकदा बाहेर पाऊस होता म्हणून घरातच थांबावं लागलं, तर हाताला काम हवं म्हणून त्यांनी आमच्या पंख्याचा रेग्युलेटर खोलला. पंखा चांगला चालत होता. "अण्णा, तीनवर जरा कुरकुरत हुता," ते म्हणाले. तेव्हापासून तो एक आणि पाच या दोनच वेगांनी फिरतो, पण कुरकुरत मात्र नाही, हे मान्य केलं पाहिजे. एस.टी.त बसले तर पारनेरपासून नगरपर्यंत दोनतीनदा जागा बदलतात; पलीकडच्या खिडकीतून काही वेगळं दिसत असेल अशी त्यांना शंका येते. स्टुडिओत तर एकदा पासपोर्ट फोटोसाठी आलेल्या गुरुजींना "हलू नका, श्वास धरून ठेवा" असं सांगून ते बाहेर कसला आवाज झाला ते बघायला गेले. दोन बैलगाड्यांची चाकं एकमेकांत अडकली होती. ती सोडवून, दोन्ही गाडीवानांना चहा पाजून परत आले, तेव्हा गुरुजी खुर्चीवर ताठच होते. श्वास मात्र त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर सोडला होता. या सगळ्याला साडूंचं एकच उत्तर असे. "अण्णा, इकडं बघत बसलं की तिकडचं ऱ्हाऊन जातंय."

हाच माणूस कॅमेरा खांद्यावर घेतो म्हटल्यावर कॅसेट कशी होत असेल, ते सांगायला नको. त्यांच्या कॅसेटमध्ये लग्न असतं, पण इतर गोष्टींच्या मधून मधून. वरमाला उचलली जाते, तेवढ्यात कॅमेऱ्याला आचाऱ्याची कढई दिसते; कढईकडे निघालं तर वाटेत एक म्हातारी पोराला रागावत असते; ती सोडून पुन्हा नवरदेवाकडे यावं तर त्याच्या गळ्यात हार पडून तो पेढा खात असतो. सुप्याच्या एका आजींना स्वतःच्या नातवाचं लग्न पाहताना उलटी झाली. तेव्हापासून पारनेर भागात "कॅसेट बघायची तर लिंबू घेऊन बस" असं लोक म्हणतात. तरीही लोक साडूंनाच बोलावत. ज्याच्याकडे पैसे नसतील त्याच्याकडून ते कोऱ्या कॅसेटची किंमत तेवढी घेत, आणि शूटिंग करता करता मांडवाची सुटलेली दोरी बांधणं, हरवलेलं पोर शोधणं, वाढप्याला ओरडणं ही कामं वर करून देत. असा माणूस लग्नाला मिळणं भाग्याचं. फक्त त्याच्या हातात कॅमेरा नको.

माझ्या मुलीच्या लग्नात, सत्त्याण्णवच्या मे महिन्यात, तो त्यांच्या हातात होता. माझी बायको आणि धाकटी, या दोघींना मिळून एकच भाऊ. कोपरगावकडे त्याचा ऊस आहे, कांदा आहे, आणि गावात वजन आहे. मुलीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं हा मामाचा मान. त्यासाठी आमच्या मेहुण्यांनी नवा फेटा घेतला होता आणि मिशीला तेल लावलं होतं. कॅसेटमध्ये मुलगी खोलीच्या दारात दिसते, तिच्या दंडावर एक हात येतो, आणि तिथे कॅमेरा गर्रकन वळून जनरेटरकडे जातो. जनरेटरमधून धूर येत होता. येऊन थांबला. कॅमेरा परततो तेव्हा मुलगी बोहल्यावर पोचलेली, अंतरपाट धरलेला. मंगलाष्टकांच्या वेळी मेहुणे तिच्या मागे उभे आहेत, पण गळ्यापासून खाली. त्यानंतर तीन तासांच्या कॅसेटमध्ये ते एकदाच दिसतात, पंगतीत, पाठमोरे, फेटा काढून ठेवलेला.

कॅसेट पाहायला मेहुण्यांनी अर्धी आळी घरी बोलावली होती. सगळ्यांना चहा दिला. कॅसेट संपली तेव्हा कोणीतरी विचारलं, "तुमी लग्नाला गेल्ते ना, पाटील?" मेहुण्यांनी कॅसेट बाहेर काढली, डबीत घातली आणि त्या दिवसापासून धाकटीच्या नवऱ्याला दाजी म्हणणं बंद केलं. आमच्याकडे विषय निघाला की म्हणायचे, "ते शूटिंगवाले कसे हायेत?" भाऊबीजेला नगरला आमच्याकडे आले, ओवाळून घेतलं, आणि पारनेरला न जाता उलट्या गाडीने परत गेले. पुढच्या वर्षीही तेच. धाकटीने दोन्ही वर्षी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली आणि रात्री पाट उचलून ठेवला. ती नवऱ्याला काही बोलली नाही. "बोलली असती तर बरं हुतं," साडू मला म्हणाले. "जनरेटर पेटला असता तर अण्णा? मांडव कापडाचा हुता." पण जनरेटर पेटला नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं.

तर ती ऑगस्टातली बैठक. जिल्ह्यातल्या शूटिंगवाल्यांचं एक मंडळ होतं आणि त्याचा जमाखर्च मी लिहून देत असे, म्हणून मी हजर. पुण्याहून एक तरुण आला होता. त्याने कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून आणला होता. त्याचं म्हणणं असं की एका डेकवरून दुसऱ्या डेकवर कॅसेट उतरवण्याचे दिवस संपले. आता सगळं शूटिंग कॉम्प्युटरमध्ये घ्यायचं आणि हवं तिथे कापायचं, हवं तिथे जोडायचं.

"आन् लाइट गेली तर?" श्रीरामपूरच्या एकाने विचारलं.

"यूपीएस लागेल."

"तो आमच्याकडं चार्जच व्हत न्हाई. त्याला बी लाइटच लागती."

शेवगावचे एक वयस्कर फोटोग्राफर म्हणाले, "कापायचं ते ठीक हाय. पर कुनाला कापायचं? ज्याला कापला तो पाव्हणा लग्नघरी जाऊन भांडतो, आन् लग्नघर आमचं बिल अडकवतं."

मग त्या तरुणाने एक चकचकीत तबकडी दाखवली. तिला डीव्हीडी म्हणतात, आणि दोनचार वर्षांत लग्नं हिच्यावरच मिळतील, असं तो म्हणाला. टीव्हीवर आधी यादी येईल: हळद, मंगलाष्टका, जेवण, पाठवणी. बटण दाबलं की थेट तिथे. "म्हंजे जेवन आधी बघता येतं?" या प्रश्नावर हॉलमध्ये प्रथमच उत्साह दिसला. ती तबकडी चालवायचं यंत्र कोणाकोणाकडे आहे, असं त्याने विचारलं, तेव्हा एकही हात वर झाला नाही.

एवढा वेळ साडू खुर्च्यांच्या मागे येरझारा घालत होते. त्यांनी दोन खिडक्या उघडल्या, एक लावली, कॉम्प्युटरची वायर कुठून आली आहे ते वाकून पाहिलं. ते वाकलेले असतानाच तो तरुण म्हणाला, "एका ठिकाणचा माणूस दुसऱ्या ठिकाणी उभा करता येतो. त्याच्या मागे निळं कापड लावून शूटिंग करायचं. कॉम्प्युटर निळं तेवढं काढून टाकतो आणि मागे तुम्ही म्हणाल ते आणतो."

साडू टेबलाखालून वर आले. "कुनीबी माणूस?"

"कोणीही."

"दोन वर्सांपूर्वीच्या लग्नात घालता येतो?"

"येतो."

"रुसलेला चालतो का?"

तरुणाला काही कळेना. हॉलमधल्या बहुतेकांना कळलं. कोपरगावची गोष्ट धंद्यात सगळीकडे झाली होती. "चालेल," तो शेवटी म्हणाला. "पण अट एकच. कॅमेरा स्टँडवर पाहिजे, आणि केसभरही हलता कामा नये."

पंचवीसच्या पंचवीस माना साडूंकडे वळल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "मंग ऱ्हाऊ द्या सायेब. ह्यांच्यासाठी दुसरं काय असंल तर सांगा." सगळे हसले. साडू हसले नाहीत. त्यांनी सव्विसावी खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसले. बैठक संपेपर्यंत बसून राहिले. चहासुद्धा बसून घेतला. मला त्यांची काळजी वाटायला लागली.

आमच्या घरून कोपरगावला फोन गेला. मेहुणे बहिणीला म्हणाले, "येऊ दे शूटिंगवाल्यांना. पर फेटा तोच बांधीन." गणपती झाल्यावर आम्ही तिघं गेलो, साडू, धाकटी आणि मी. साडूंनी पाच मीटर निळं कापड घेतलं होतं. ते गोठ्याच्या भिंतीला लावून झालं आणि मेहुणे घरातून बाहेर आले. फेटा निळाच होता. कापडाशी अगदी मिळता. लग्नातला रंग माझ्या लक्षात राहिला नव्हता, आणि कॅसेटवरून तो कळणं शक्यच नव्हतं.

"मंग काय हुईल?" मेहुण्यांनी मला विचारलं, साडूंशी ते बोलत नव्हते.

"कॉम्प्युटर फेटा काढून टाकील," मी खरं ते सांगितलं.

"एकदा डोकं उडवलं, आता फेटा उडवनार? त्यांना सांगा, घरी जावा."

तेवढ्यात साडू दिसेनासे झाले. मला वाटलं, पळाले. पण ते फोनवाल्याकडे जाऊन पुण्याशी बोलून आले होते. दुसरा रंगही चालत होता, माणसाच्या अंगावर नसलेला. त्यांनी कोणाला न विचारता मेहुण्यांच्या कांद्याच्या चाळीवर चढून हिरवी ताडपत्री सोडली आणि निळ्या कापडाच्या जागी ताणली. ढग आलेले होते, कांदा उघडा पडला होता, आणि मेहुणे ते पाहत होते. ताडपत्रीपुढे जाऊन उभे राहिले.

साडूंनी कॅमेरा स्टँडवर लावला, चालू केला, आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "अण्णा, मागनं माझा शर्ट धरा."

मी धरला. मेहुणे चालायला लागले. उजवा हात पुढे, जणू मुलीच्या दंडावर. पावलं सावकाश, मान ताठ. ते अर्ध्यात आले असतील तेव्हा गोठ्यात कालवड सुटली आणि बादली पाडून अंगणभर उधळली. शर्टाला असा हिसका बसला की वरचं बटण तुटलं. पण कॅमेरा हलला नाही. मेहुणे शेवटपर्यंत आले, वळले, उभे राहिले आणि समोर बघत म्हणाले, "बास?" साडू कॅमेऱ्यातून डोळा काढीनात, म्हणून मीच "बास" म्हणालो. मग तिघांनी मिळून कालवड पकडली.

पुण्याच्या तरुणाने मेहुण्यांना लग्नात घातलं. लाइटच्या भानगडीत त्याचे दोन दिवस गेले. जनरेटरच्या धुराच्या जागी आता मेहुणे येतात. खरं सांगायचं तर ते जमिनीपासून चार बोटं वरून चालतात, मिशीच्या कडेला हिरवी रेघ आहे, आणि त्यांच्या हाताशी मुलगी नाही. आळी पुन्हा जमली, पुन्हा चहा झाला. कोणी हसलं नाही. एका म्हाताऱ्याने तर नमस्कार केला. मेहुण्यांनी ते एकदा पाहिलं आणि निरोप पाठवला की ताडपत्रीपुढची मूळ कॅसेट द्या, तिच्यात पाय तरी जमिनीवर आहेत; जोडलेली ठेवा तुमच्याकडे.

नोव्हेंबरात भाऊबीज आली. आम्ही दोघं आदल्या दिवशीच पारनेरला गेलो होतो. धाकटीने पाट मांडला, रांगोळी काढली, आणि दिवस कलला तरी ती रांगोळीवरून उगाच बोट फिरवत बसली. साडू घरात नव्हते. स्टँडवर जाऊन प्रत्येक एस.टी. बघून येत होते. शेवटी आले तेव्हा त्यांच्या हातात मेहुण्यांची पिशवी होती.

मेहुणे पाटावर बसले. साडूंनी स्टँडवर कॅमेरा लावला. धाकटीने निरांजन लावलं, आणि नेमकं तेव्हाच बाहेर पोरांचा बाण उलटा जाऊन शेजारच्या कडब्यात शिरला. आरडाओरडा झाला, आळी धावली. सवयीने माझा हात साडूंच्या शर्टाकडे गेला. धरावा लागला नाही.

"ऱ्हाऊ द्या अण्णा," ते कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाले. "तिकडं लई जण हायेत."

निरांजन गोल फिरलं. मेहुण्यांनी मान वर केली. "दाजी," ते म्हणाले, "फेटा दिसतोय ना?"

"दिसतोय," साडू म्हणाले.

मेहुण्यांनी खिशात हात घातला. त्या वर्षीचे एक्कावन्न आणि मागच्या दोन वर्षांचे एकशे दोन, एकूण एकशे त्रेपन्न रुपये त्यांनी ताटात ठेवले. धाकटीला पोचले.